लगामाच्या चामड्याचं सील

आमच्या नाशिकवरून जो आग्रा रोड जातो, तोच पुढं धुळं, इंदूर, गुणा, शिवपुरी करत ग्वाल्हेरला पोचतो. हायस्कुलात भूगोल शिकवताना ही रेघ मी फळ्यावर कितीतरी वेळा काढली होती. तिच्यावरून स्वतः जाण्याचा योग आला तो राज्यं नव्यानं आखली गेली त्या हिवाळ्यात. वर्गातला भिंतीवरचा नकाशा एका रात्रीत जुना झाला होता. मध्यभारत नावाचं राज्य त्यावर अजून गुलाबी रंगात होतं, प्रत्यक्षात उरलं नव्हतं.

निमित्त आत्याचं. तिचे यजमान ग्वाल्हेरला सिंचाई, म्हणजे पाटबंधारे खात्यात होते. नव्या राज्याची राजधानी भोपाळ झाली तसं खातं तिकडे गेलं, तेही कागदपत्रांबरोबर पुढं गेले, आणि घर मिळेपर्यंत आत्या मागं राहिली. आता घर मिळालं होतं. वडील म्हणाले, नाताळची सुटी आहे, जा, तिला सामान बांधू लाग आणि गाडीत बसवून दे. आगगाडीनं जाणं सोयीचं होतं हे मलाही कळत होतं. पण माझ्याकडे लढाईनंतर लष्करानं लिलावात काढलेली मोटरसायकल होती आणि एवढी लांबची वाट तिला कधी दाखवली नव्हती.

या गाडीबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. माझ्याकडे आल्यापासून तिला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला नव्हता. चेन, ब्रेक, कार्ब्युरेटर, सगळं मी घरच्या ओसरीवर बसून करतो. मिस्त्रीकडे गाडी नेणाऱ्या मित्रांची मी थट्टाही करत असे. ती थट्टा ग्वाल्हेरात माझ्याच अंगाशी आली.

पडाव

तीन मुक्कामांचं वर्णन करत नाही. धूळ, पेट्रोल आणि बटाट्याची भाजी यापलीकडे त्यात काही नव्हतं. चौथ्या दिवशी शिवपुरी सोडल्यावर मात्र पुढच्या फोर्कच्या डाव्या नळीतून तेल गळायला लागलं.

ज्यांनी मोटरसायकल जवळून पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पुढच्या चाकाला दोन बाजूंनी धरणाऱ्या दोन नळ्या असतात. प्रत्येक नळी तिच्याहून जाड अशा दुसऱ्या नळीत वरखाली सरकते. आत लांब स्प्रिंग आणि तेल असतं. धक्का स्प्रिंग घेते, आणि तिनं पुन्हा उसळू नये हे तेल बघतं. तेल बाहेर येऊ नये म्हणून नळीच्या तोंडाशी एक गोल सील बसवलेलं असतं, बांगडीसारखं, आतल्या बाजूनं पातळ ओठ असलेलं. सील गेलं की तेल जातं, आणि तेल गेलं की रस्त्यातला प्रत्येक दगड मनगटातून थेट मानेत पोचतो. ग्वाल्हेरात शिरलो तेव्हा माझी मान डावीकडे वळत नव्हती.

मोटारींची कामं पडावाला होतात असं कळलं, म्हणून आधी तिकडे गेलो. स्टेशनाजवळचा भाग, सगळीकडे टांगे, लॉऱ्या, मुसाफिरखाने. तिथं नसीर उस्तादांचं दुकान सापडलं. उस्ताद साठीकडे झुकलेले, पांढरी दाढी, कोपरापर्यंत दुमडलेला खाकी सदरा. संस्थानच्या फौजेतल्या लॉऱ्या त्यांच्या हाताखाली असत. फौज हिंदुस्थानच्या लष्करात मिसळली, त्यात त्यांच्या वयाच्या माणसांना घरी पाठवलं, आणि त्यांनी इथं दुकान टाकलं. हे सगळं त्यांनी माझी गाडी बघता बघता सांगितलं, तक्रार म्हणून नाही, पत्ता सांगावा तसं.

त्यांनी हँडल धरून गाडी दोनदा खाली दाबली आणि कान तिरका करून ऐकलं. मग म्हणाले, उद्या संध्याकाळपर्यंत ठेवून जा. मी सांगितलं की मी शाळामास्तर असलो तरी हे काम मला येतं, दोन नवी सीलं माझ्याजवळ आहेत, मला फक्त तेल हवं. त्यांनी बाटलीत तेल भरून दिलं. बाटलीला बूच बसवताना एवढंच म्हणाले, "मास्टरजी, खोलना आसान है."

मला तो शिष्टाचार वाटला.

दौलतगंज

आत्याचं बिऱ्हाड दौलतगंजात, एका कापडाच्या दुकानामागं. मी पोचलो तेव्हा ती ट्रंकांच्या मधोमध वेताच्या मोड्यावर बसली होती. उठताना तिनं कमरेला हात लावला. आठ दिवसांपूर्वी एकटीनं ट्रंक उचलायला गेली आणि कमरेत लचक भरली. वैद्यानं सांगितलं होतं, हिंडाफिरायला हरकत नाही, पण हादरा बसता कामा नये.

आत्या चौदाव्या वर्षी लग्न होऊन नाशिकहून इकडे आली. आता तिचं मराठी ऐकताना मला गंमत वाटायची. "मी इथं आली तेव्हा मला हिंदीचं एक अक्षर येत नव्हतं," असं ती सांगते. आम्ही 'आले' म्हणतो, ती 'आली' म्हणते. पहिल्याच रात्री जेवताना तिनं विचारलं, "तुला ग्वाल्हेर कसं लागलं?" मला वाटलं आमटीबद्दल विचारते आहे. म्हटलं, थोडं आंबट. तेव्हा ती हसून हसून कमरेला हात लावून बसली. आमटी खरंच आंबट होती. आमच्याकडे चिंच-गूळ घालतात, इथं आमचूर. वर मुरैन्याची गजक खायला दिली. तीळ आणि गुळाची, आपल्या तिळगुळाच्या नात्यातली, पण इतकी खुसखुशीत की तोंडात धरेपर्यंत विरते. माझं मत गजकेच्या बाजूनं पडलं, हे नाशिकला कुणाला सांगितलेलं नाही.

जेवण झाल्यावर तिनं मुद्द्याचं काढलं. शनिवारी तिची गाडी होती. त्याआधी तिला एकदा तिघऱ्याला जायचं होतं. तिघरा म्हणजे गावाच्या पश्चिमेला बारा-चौदा मैलांवरचं धरण. लग्नानंतरची पहिली पाच वर्षं ती तिथं कालव्याच्या क्वार्टरमध्ये राहिली होती. शेजारी पाण्याच्या दरवाजांवरच्या चौकीदाराची बायको राहायची, रामश्री. आत्याला हिंदी, चूल, गाईचं दूध काढणं, साप दिसला तर काय करायचं, सगळं तिनं शिकवलं. शहरात बदली झाल्यावर दोघींची भेट नाही, त्याला बारा वर्षं झाली. ती अजून तिथंच आहे एवढं दूधवाल्याकडून कळत होतं.

"टांग्यात माझी कमर टिकणार नाही," आत्या म्हणाली. "तुझ्या फटफटीला पुढं स्प्रिंग असते ना? माझी एवढीच इच्छा आहे. भोपाळहून काय मी पुन्हा येते!"

मी छातीवर हात ठेवून सांगितलं, उद्या फोर्क नवा करून देतो, पाळण्यात बसल्यासारखी नेतो.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, सकाळी अंगणात पोतं पसरून बसलो. सुरुवात छान झाली. चाक काढलं, गाडी विटांवर टेकवली, नळीच्या वरचं झाकण सोडवलं. झाकणाखाली स्प्रिंग दाबलेली असते हे मला माहीत होतं, पण किती दाबलेली ते नव्हतं. झाकण उडून कापडवाल्याच्या पत्र्यावर वाजलं आणि काळं तेल कपबश्या गुंडाळायला काढून ठेवलेल्या धुतलेल्या चादरीवर गेलं.  आत्यानं ती चादर उचलली आणि दुसरी आणली.

जुनं सील खिळ्यानं उपसून काढलं. नवं सील नळीवरून खाली सरकवायला घेतलं. ते सहज जाईना, म्हणून पेचकसाच्या टोकानं जरा ढकललं. बारीक आवाज आला. नळीच्या वरच्या टोकाला आटे असतात, त्यांच्या धारेवर सीलचा ओठ फाटला होता. इथं थांबायला हवं होतं. उजवी नळी तर अजिबात गळत नव्हती. पण एक केलं तर दुसरंही करावं, म्हणजे दोन्ही सारखी होतील, आणि या वेळी नीट करीन, असं मनाशी ठरवून मी तीही उघडली. दुसरं सीलही तसंच, त्याच जागी फाटलं.

दुपार झाली होती. माझ्यासमोर पोत्यावर दोन रिकाम्या नळ्या, दोन स्प्रिंगा आणि दोन जुनी, दोन नवी अशी चार फाटकी सीलं पडली होती. सकाळी जी गाडी गळत का होईना चालत होती, ती आता विटांवर उभी होती. हाताला तेल होतं म्हणून मला डोकंही धरता येईना. आत्या पायरीवर येऊन बसली. तिला काय झालं ते सांगावं लागलं. सांगताना माझा आवाज वर्गात गृहपाठ न आणलेल्या मुलासारखा झाला.

ती रागावली असती तर बरं वाटलं असतं. ती म्हणाली, "जाऊ दे रे. नशिबात नाही तर नाही. जेवून घे." आणि आत जाऊन ट्रंकेत भांडी भरू लागली. भांडी फार वेळ वाजत राहिली.

पुन्हा पडाव

बुधवारी सकाळी दोन्ही नळ्या पोत्यात घालून टांग्यानं उस्तादांकडे गेलो. काय ऐकावं लागेल याची मनात तयारी केली होती. त्यांनी चारही सीलं एकेक करून उजेडाकडे धरून पाहिली आणि फक्त विचारलं, कागद लावला नव्हता का? कसला कागद, ते मला कळलं नाही.

अशी सीलं ग्वाल्हेरात मिळत नव्हती. दिल्लीहून मागवायला दहा-पंधरा दिवस. मी शनिवारची आगगाडी सांगितली, आत्याची कमर सांगितली, तिघरा सांगितला. उस्तादांनी दाढी खाजवली. लढाईच्या काळात सुटे भाग येत नसत, तेव्हा फौजेतल्या रिसाल्याचा जिनगर त्यांना चामड्याची सीलं कापून द्यायचा, असं ते म्हणाले. तो माणूस अजून आहे, सखारामजी. कुठं राहतो? दौलतगंजात. आत्याच्या घरापासून दोन गल्ल्या.

सखारामजी जिनगरांचे पूर्वज खोगीर शिवायला फौजेबरोबर साताऱ्याकडून आलेले. घोडदळ मोडलं तसं खोगिरांचं काम संपलं. अशा माणसाकडे जाताना आपण उपकार करायला चाललो आहोत असं थोडं मनात येतं, तसं माझ्याही आलं होतं. तिथं पाहतो तर दुकानात पाय ठेवायला जागा नाही. निम्मं सरकारी ग्वाल्हेर भोपाळला निघालं होतं आणि प्रत्येकाला वळकट्या बांधायला चामड्याचे पट्टे हवे होते. सखारामजी मान वर न करता म्हणाले, "चार दिवस तर लागतील. लाइन लागून राहिली आहे, दिसत नाही का?"

मी घरी जाऊन आत्याला सांगितलं. ती चपला घालून तशीच निघाली. कमरेमुळे हळू चालत होती, तरी माझ्या पुढं. दुकानात जाऊन तिनं विचारलं की तिचे तीन पट्टे झाले का. झाले नव्हते, उद्या द्यायचे होते.

"माझे पट्टे राहू द्या," आत्या म्हणाली. "मी वळकट्या सुतळीनं बांधीन. त्या वेळात याचं काम करा."

सखारामजींनी प्रथमच मान वर केली. "साहेबांच्या घरचं सामान सुतळीनं बांधून भोपाळला जाणार?"

"तिथं मला कोण ओळखतं!"

ते हसले आणि हातातला पट्टा बाजूला ठेवला. मी दोऱ्यानं घेतलेलं माप पुढं केलं, ते त्यांनी परत केलं. दोऱ्यानं घोड्याच्या पोटाचं माप घेतात, म्हणाले, लोखंडाला लोखंड आणा. मी धावत जाऊन पोतं आणलं. त्यांनी नळी मांडीवर घेतली, डोळे मिटून तिच्यावरून अंगठा फिरवला आणि आटे संपतात तिथं थांबले. मग फळीवरून एक जुना लगाम काढला. म्हशीचं कातडं इथं जाड पडेल, बकऱ्याचं सैल होईल, हे वर्षानुवर्षं तेल प्यालेलं आहे, हे ना आकसणार ना फुगणार, असं त्यांनी मला समजावलं. रापीनं चार गोल कापले, कोमट चरबीत आणि मेणात बुडवले, आणि लाकडी ठोकळ्यावर दाबून त्यांना वाटीसारखा आकार दिला. चार कशाला, मी विचारलं. दोन बसवायला, आणि दोन तुमच्या हातानं फाटतील ती, असं ते म्हणाले. उस्तादांकडून निरोप आला होता की काय, कोण जाणे.

गुरुवारी दुपारी ती चामड्याची सीलं आणि नळ्या घेऊन मी पुन्हा पडावाला गेलो. उस्तादांनी खिशातून सिगारेटचं पाकीट काढलं, आतला चांदीचा कागद सोलला, त्याला तेल लावलं आणि नळीच्या आट्यांवर गुंडाळला. त्यावरून सील अलगद, एखाद्या बाईनं साबण लावून बांगडी चढवावी तसं खाली गेलं. मग कागद काढून घेतला. सगळं मिळून तेवढंच. हाच तो कागद. माझी दोन नवी सीलं आणि आत्याचा एक दिवस या कागदाच्या चिटोऱ्यापायी गेला होता.

दुसरी नळी त्यांनी उचलली नाही, माझ्याकडे सरकवली. मी म्हटलं, तुम्हीच करा, आता मला धीर नाही. त्यांनी पाकीट माझ्या हातात दिलं आणि स्टुलावर बसून राहिले. मी कागद सोलला, तेल लावलं, गुंडाळला.  अर्ध्यावर सील अडलं, तेव्हा मी सवयीनं पेचकसाकडे पाहिलं. उस्ताद खाकरले. मी अंगठ्यानं दाबत, नळी थोडी थोडी फिरवत राहिलो, आणि ते बसलं.

घरी नेऊन नळ्या गाडीला मी एकट्यानं चढवल्या. उस्तादांनी पैसे घेतले ते एकाच नळीचे. दुसरी तुम्ही केली, म्हणाले.

तेव्हापासून मला कुणी विचारलं की गाडीचं काम घरी करावं की मिस्त्रीला द्यावं, तर मी पूर्वीसारखं ठासून सांगत नाही. तेल बदलणं, धुणं, आवळणं घरी करावं. त्यात हाताला गाडी कळते. पण जे काम पहिल्यांदा करायचं आहे ते जाणत्याच्या दुकानात, त्याच्या समोर बसून करावं, आणि त्याला त्या बसण्याचे पैसे द्यावेत. ते कमीच होतात.

तिघरा

शुक्रवारी उन्हं वर आल्यावर निघालो. मी मागच्या सीटवर रजई घडी करून बांधली होती आणि एका बाजूला पाय सोडून कसं बसावं ते आत्याला समजावत होतो. तिनं ऐकून घेतलं, मग लुगड्याचा काचा घट्ट केला आणि घोड्यावर बसावं तशी दोन्हीकडे पाय टाकून बसली. म्हणाली, "लुगडं नऊवारी आहे, पाचवारी नाही." दौलतगंजातून बाहेर पडेपर्यंत दुकानदार गिऱ्हाइकं सोडून बघत होते. सखारामजींच्या दारावरून जाताना ते उभे राहिले आणि त्यांनी पुढच्या चाकाकडे बोट केलं. मी मान डोलावली.

शहर संपल्यावर खरा रस्ता सुरू झाला. बोडक्या टेकड्या, बाभळी, मध्ये मध्ये पिवळीधमक फुललेली सरसूची, म्हणजे मोहरीची शेतं. आमच्याकडे या दिवसांत हरभरा आणि द्राक्षांच्या बागा. इतका सलग पिवळा रंग मी पाहिलेला नव्हता. रस्ता मात्र दगडांचाच होता. पहिल्या खड्ड्याला मी हँडल आवळून धरलं. फोर्क खाली गेला आणि सावकाश, मऊपणे वर आला. मी मागं ओरडून विचारलं, कमर कशी आहे? उत्तर आलं नाही. घाबरून गाडी थांबवली. आत्या शेतांकडे बघत होती. "थांबलास कशाला?" तिनं विचारलं.

धरण आलं. लांबलचक दगडी भिंत, तिच्यामागं आकाशाएवढं पाणी, पाण्यावर बदकांचे थवे. आत्यानं पाण्याकडे नुसतं पाहिल्यासारखं केलं. ती भिंतीखालच्या मातीच्या घरांकडे पाहत होती. एका दारात उंच, करड्या केसांची बाई डोळ्यांवर हात धरून मोटरसायकलच्या आवाजाचा माग काढत उभी होती.

मला वाटलं होतं गळ्यात पडतील, रडतील. रामश्रीनं कमरेवर हात ठेवले आणि बारा वर्षं कुठं होतीस म्हणून भांडायलाच सुरुवात केली. आत्याही मागं हटली नाही. दोघी इतक्या भराभर बोलत होत्या की मला एक शब्द कळेना. तिकडची गावची हिंदी, आत्याच्या तोंडून अशी सुटली की जणू ती तिथलीच. मधूनच 'कैसा लगा', 'लग रहा है' असं काही कानावर आलं, आणि आत्याच्या ज्या मराठीला मी चार दिवस हसत होतो ती कुठून आली ते मला समजलं. चौदा वर्षांच्या मुलीला बोलायला या एका बाईशिवाय कुणी नव्हतं.

जेवायला बाजरीची रोटी, सरसूच्या पाल्याचं साग, गूळ आणि गाडग्यातलं ताक. रोटी आपल्या भाकरीची धाकटी बहीण, पण जाड आणि लोण्यानं माखलेली. चौकीदार दरवाजांच्या चक्राला तेल द्यायला गेला होता. त्याच्या वाट्याचं झाकून ठेवून रामश्रीनं मला तिसरी रोटी वाढली. दुपारी तिनं फटफटीवर बसायचं म्हटलं. मी तिला भिंतीच्या टोकापर्यंत नेऊन आणलं. ती उतरली तेव्हा आत्या तिच्याकडे बघून अशी हसली की दोघींची वयं मला क्षणभर दिसली नाहीत. मी वाकून नळ्या पाहिल्या. उस्तादांनी बसवलेली बाजू कोरडी होती. माझ्या बाजूला तेलाची एक बारीक कड आली होती. बोटानं पुसली. ती नाशिकपर्यंत तेवढीच राहिली.

निघायची वेळ झाली. रामश्रीनं विचारलं, भोपाळ किती लांब? आत्यानं माझ्याकडे पाहिलं. मैल सांगून उपयोग नव्हता. मी म्हटलं, आगगाडीनं एक रात्र. मग आत्याला पत्त्याची आठवण झाली. यजमानांचं पत्र तिनं पदराला बांधून आणलं होतं. पण कागद या घरात टिकणार कुठं? उंदीर आहेत, चूल आहे, आणि रामश्रीला वाचता येत नाही.

रामश्री म्हणाली, भिंतीवर लिहा. महिन्यातून एकदा डाकवाला कालव्याच्या ऑफिसात येतो, त्याला घरी आणून भिंत दाखवीन, तो पत्र लिहील. तिनं कोनाड्यातून गेरूचा खडा काढून दिला. दारालगतची भिंत नुकतीच पांढऱ्या मातीनं सारवलेली होती. मी फळ्यावर लिहितो तशा मोठ्या, सुट्या अक्षरांत यजमानांचं नाव, खातं, मोहल्ला आणि शेवटी भोपाळ असं लिहिलं. रामश्रीनं प्रत्येक ओळीवर बोट ठेवून ती काय म्हणते ते विचारून घेतलं.

आत्या मागं उभी राहून पाहत होती. तिनं पदरानं खालची ओळ पुसून टाकली. मला वाटलं काही चुकलं.

"सगळं वर घे," ती म्हणाली, "आणि खाली जागा सोड. सरकार पुन्हा उठून दुसरीकडे गेलं तर दुसरा पत्ता कुठं लिहायचा?"

रामश्रीनं राहिलेल्या ओळी पुसल्या आणि पाटावर चढून वरची भिंत ओल्या फडक्यानं पुसून दिली. मी टाचा उंचावून पुन्हा पहिल्यापासून लिहिलं.